मीठ एकाचं, जागणं दुसऱ्याला

निष्ठा हा शब्द आमच्या पिढीला दोनच ठिकाणी भेटला. एक इतिहासाच्या पुस्तकात आणि दुसरा युनियनच्या सभेत. इतिहासाच्या पुस्तकातली निष्ठा म्हणजे बाजीप्रभू. गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नाही. युनियनच्या सभेतली निष्ठा त्या मानाने सोपी. वर्गणी वेळेवर भरायची आणि घोषणांच्या वेळी चहाला सटकायचं नाही. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. निष्ठेबद्दल काही मिळेल अशी अपेक्षा कुणी ठेवत नसे. 'आणखी दोनशे गनीम अडवलेत तर तुम्ही सोनेरी वर्गात जाल,' असं बाजीप्रभूंना कुणी सांगितल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

आता निष्ठेला 'लॉयल्टी' म्हणतात आणि ती मोजून मिळते. औषधाच्या दुकानात खोकल्याची बाटली घ्यायला गेलं तरी पोरगा आधी मोबाइल नंबर विचारतो आणि मग अभिनंदनाच्या सुरात सांगतो, "काका, तुमचे चौदा पॉइंट झालेत." खोकला जितका जुना तितकी निष्ठा मोठी. पण या सगळ्या निष्ठा सुती. शालू म्हणावा असा एकच, विमानकंपन्यांचा. तिथे निष्ठा मैलांत मोजतात, तिला रुपेरी आणि सोनेरी काठ असतात, आणि ती अंगावर असली की विमानतळावर वेगळ्या दारातून आत सोडतात.

हा शालू विणला गेला अमेरिकेत. तिथल्या सरकारने १९७८ साली कायदा करून विमानांची भाडी आणि मार्ग ठरवण्याच्या कामातून अंग काढून घेतलं. भाडी उतरली आणि गिऱ्हाईक आज ह्याच्या विमानात तर उद्या त्याच्या, असं हिंडू लागलं. त्याला दावं बांधण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी मैल साठवण्याची योजना काढली. जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा, आणि पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. युनायटेडने काही दिवसांतच तशीच योजना जाहीर केली. निष्ठेच्या कल्पनेचीही नक्कल व्हायला महिना लागला नाही, हे मला या व्यवसायाचं पहिलं सुलक्षण वाटतं.

पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की एकट्याने सगळं जग फिरता येत नाही. मग आपल्याकडे निवडणुकीनंतर होतं तेच झालं. आघाड्या झाल्या. १४ मे १९९७ रोजी लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियाची एसएएस अशा पाच जणांनी 'स्टार अलायन्स' काढली. १९९९ मध्ये 'वनवर्ल्ड' आली आणि २००० मध्ये 'स्कायटीम'. आघाडीचा किमान समान कार्यक्रम असा की एकाच्या विमानात बसून साठवलेले मैल दुसऱ्याच्या वहीत लिहिता येतात, आणि एकाने दिलेलं सोनेरी कार्ड सगळ्यांनी मानायचं.

इथे माझा संबंध आला. वास्तविक मी बँकेतला कारकून. विमानात बसतो तो एलएफसी घेतली तरच. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला जगातले यच्चयावत आकडे कळतात, असा आमच्या नात्यात समज आहे. त्यामुळे सासूबाईंना घेऊन आम्ही दोघं फ्रँकफुर्टमार्गे न्यूजर्सीला मेहुण्याकडे जायचं ठरलं, तेव्हा मेहुण्याने फोनवरून बजावलं, "दाजी, फ्रिक्वेंट फ्लायर नंबरचा रकाना रिकामा ठेवू नका. पण कुणाचा नंबर घालायचा ते विचार करून ठरवा. एका विमानाचे मैल एकाच वहीत जातात. चुकीच्या वहीत गेले की इकडचे तिकडे करता येत नाहीत."

आमची तिकिटं अशी होती. मुंबईहून फ्रँकफुर्टपर्यंत लुफ्तान्सा, तिथून न्यूअर्कला युनायटेड. आणि मैल? ते यांच्यापैकी कुणाच्याही वहीत, किंवा या दोघांशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या वहीत. आघाडीत पंचवीसेक कंपन्या आहेत, त्यांतली कुठलीही चालते. हे ऐकून माझ्यातला कारकून खूश झाला आणि माझ्यातला मराठी शाळेत शिकलेला मुलगा गप्प झाला. आम्हांला खाल्ल्या मिठाला जागायला शिकवलं होतं. इथे मीठ दोघांच्या घरचं खायचं आणि जागायचं तिसऱ्याला! अभिषेक ज्योतिबाला करायचा आणि पावती खंडोबाच्या नावाने फाडायची!

तरीही काम अंगावर घेतलं होतं, म्हणून मी एका रविवारी वही-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या हिने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "स्थळं बघतोय." कारण खरोखरच त्या कामाचं वळण तसं होतं.

पहिलं स्थळ घरचंच, एअर इंडिया. घराणं जुनं. टाटांनी १९३२ साली काढलेलं, १९५३ साली सरकारजमा झालेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांच्या घरी आलेलं. म्हणजे एकोणसत्तर वर्षं सासरी नांदून माहेरी परतलेली लेक. हिचं स्टार अलायन्समध्ये जमायलाही वेळ लागला. २००७ मध्ये आमंत्रण आलं, २०११ मध्ये बोलणी थांबली आणि ११ जुलै २०१४ ला एकदाचे मुंडावळ्या बांधल्या. योजनेचं नाव पूर्वी 'फ्लाइंग रिटर्न्स' होतं. ते बदलून 'महाराजा क्लब' झालं. १९४६ पासून कमरेत वाकून नमस्कार करणाऱ्या त्या महाराजाविषयी मला माया आहे, पण मायेचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

दुसरं स्थळ लुफ्तान्साचं 'माइल्स अँड मोअर', १९९३ सालचं. हे एकत्र कुटुंब. स्विस, ऑस्ट्रियन, ब्रसेल्स, पोलंडची लॉट, सगळ्यांची चूल एक. तिसरं सिंगापूरचं 'क्रिसफ्लायर'. वागायला गोड, पण मैलांना छत्तीस महिन्यांची मुदत. तीन वर्षांत वापरले नाहीत तर गेले. चौथं युनायटेडचं 'माइलेजप्लस'. त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं की आमच्याकडे मैल कधीच शिळे होत नाहीत.

आणि पाचवं स्थळ होतं ग्रीसचं. एजियन नावाची लहानशी कंपनी. २०१४ पर्यंत तिचं सोनेरी सदस्यत्व वीसेक हजार मैलांत मिळे आणि ते मिळालं की टिकवायलाही फार सायास पडत नसत. परिणाम असा झाला की ज्यांनी ग्रीस नकाशातही नीट पाहिलेला नाही असे लोक जगभर स्वतःला एजियनचे एकनिष्ठ गिऱ्हाईक म्हणवून घेऊ लागले. बसायचे युनायटेडच्या विमानात, जेवायचे लुफ्तान्साचं, आणि निष्ठा अथेन्सला! शेवटी कंपनीने नियम कडक केले. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो करणारी मंडळी मग दुसऱ्या घुगऱ्या शोधायला निघाली.

स्थळांचे बारकावेही कमी नाहीत. आमचा प्रवास एका बाजूला आठ हजार मैलांच्या घरातला. पण तिकीट स्वस्त असलं तर कुठली योजना पूर्ण मैल देते, कुठली अर्धे, कुठली पाव, आणि एखादी चक्क हात जोडते. काही ठिकाणी तर आता अंतर मोजतच नाहीत, पैसे मोजतात. म्हणजे नाव मैलाचं आणि माप रुपयाचं. काही योजनांत फुकट तिकीट काढलं तरी त्यावरचे 'इतर आकार' एवढे असतात की फुकटात जाणं आपल्याला परवडत नाही.

सगळ्यात मजेची गोष्ट मात्र सोनेरी कार्डाची. सोनेरी कार्ड असलं की विमानतळावर लाउंजमध्ये बसायला मिळतं. गार हवा, गरम सूप, ऐसपैस खुर्ची. आता युनायटेडचा नियम बघा. युनायटेडच्याच योजनेत सोनेरी झालेला गृहस्थ अमेरिकेतल्या अमेरिकेत उडत असेल, तर केवळ त्या कार्डावर त्याला युनायटेडच्या लाउंजमध्ये प्रवेश नाही. पण तेच कार्ड आघाडीतल्या दुसऱ्या कंपनीचं असेल, तर त्याच विमानासाठी त्याच लाउंजमध्ये 'या, बसा'. अमेरिकन एअरलाइन्सनेही वनवर्ल्डमध्ये आपल्या मंडळींना असंच दाराबाहेर ठेवलं आहे. आपल्याकडे याला म्हण आहे, घरची करते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा. थोडक्यात, त्या घरात मान हवा असेल तर त्या घरचं होऊ नये. शेजारच्याचं व्हावं आणि पाहुणा म्हणून जावं. तत्त्वज्ञानाची पुस्तकं मी वाचलेली नाहीत, पण एकनिष्ठ राहण्याविरुद्ध इतका रोखठोक युक्तिवाद त्यांत सापडेलसं वाटत नाही.

मी हे सगळं आमच्या शाखेतल्या कुलकर्ण्यांना सांगितलं. कुलकर्णी आमचे हेड कॅशियर. तत्त्वाचा माणूस. तीस वर्षं एकाच न्हाव्याकडे केस कापतात. त्या न्हाव्याला हल्ली नीट दिसत नाही हे कुलकर्ण्यांच्या कानांकडे बघून कुणालाही कळतं, पण कुलकर्णी दुकान बदलत नाहीत. नोटा मोजता मोजता ते म्हणाले, "ज्याच्या विमानात बसलात त्याच्याच वहीत मैल. बाकी सगळी बेइमानी."

मी आठ दिवस या वाक्यावर विचार केला. कुलकर्णी म्हणजे हेड कॅशियर, त्यांचं वाक्य खोटं निघालं तर ते पदरचे भरून देतील. पण बेइमानी व्हायला आधी इमान असावं लागतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. तेव्हा समोरच्या बाजूचं इमान किती, हे बघणं भाग होतं.

पहिली गोष्ट आघाडीच्या संसाराची. ज्या पाच जणांनी १९९७ मध्ये स्टार अलायन्स काढली, त्यांतली एसएएस ३१ ऑगस्ट २०२४ ला आघाडीतून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी स्कायटीममध्ये दाखल झाली. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि मधे एक रात्र. आपल्याकडचे आमदारसुद्धा पक्ष बदलताना निदान दोन दिवस एखाद्या हॉटेलात राहतात. स्टारमधल्या प्रवासासाठी एसएएसच्या वहीत मैल साठवणाऱ्यांनी काय करायचं? एक सप्टेंबरच्या सकाळी ते झोपेतून उठले तेव्हा त्यांची निष्ठा विरोधी पक्षात गेलेली होती.

दुसरी गोष्ट कोर्टातली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गिन्सबर्ग नावाचे एक ज्यू धर्मगुरू नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने इतका प्रवास करत की कंपनीने त्यांना वरच्या वर्गात बसवलं होतं. पण ते तक्रारीही करत. आठेक महिन्यांत चोवीस. सामान उशिरा आलं, अमकं झालं, तमकं झालं. २००८ मध्ये कंपनीने त्यांना योजनेतूनच काढून टाकलं. नियमावलीत लिहिलंच होतं की सभासदाने योजनेचा गैरफायदा घेतला की नाही, हे कंपनी स्वतःच्या मर्जीने ठरवील. गिन्सबर्ग म्हणाले, करार असला की त्यात सद्भाव गृहीत असतो. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की १९७८ च्या कायद्यापुढे ही सद्भावाची मागणी टिकत नाही. म्हणजे ज्या कायद्याने गिऱ्हाइकाला मोकळं सोडलं आणि म्हणून निष्ठेची योजना काढावी लागली, त्याच कायद्याने सांगितलं की निष्ठेच्या बदल्यात सद्भाव मागता येणार नाही.

आम्हां कॉमर्सवाल्यांच्या ओळखीचे एक अर्थशास्त्रज्ञ आहेत, अल्बर्ट हर्शमन. त्यांनी १९७० साली एका छोट्या पुस्तकात मांडलं की गिऱ्हाईक नाराज झालं तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. निघून जाणं, नाहीतर तोंड उघडणं. ज्याची निष्ठा असते तो लगेच निघून जात नाही, तो आधी तोंड उघडतो. म्हणजे चोवीस तक्रारी करणारा माणूस हा कदाचित कंपनीचा शेवटचा खरा निष्ठावंत असावा. बायको बोलायची थांबली की संसारात काळजी करावी, हे आम्हांला हर्शमनशिवायही माहीत होतं.

तिसरी गोष्ट खास माझ्या धंद्यातली. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली आणि कंपन्यांना पैशांची चणचण भासू लागली. तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ९ अब्ज आणि अमेरिकनने मार्च २०२१ मध्ये १० अब्ज. आमच्या शाखेत लोक सोनं तारण ठेवतात, घर ठेवतात, ट्रॅक्टर ठेवतात. दुसऱ्या माणसाची निष्ठा तारण ठेवून कर्ज काढलेलं मी अजून पाहिलेलं नाही. बरं, ते कर्ज देणाऱ्यांनी काय वेडेपणाने दिलं? मुळीच नाही. विमानकंपन्या हे मैल क्रेडिट कार्डवाल्या बँकांना घाऊक विकतात आणि बँका ते आपल्याला किरकोळीत वाटतात. निष्ठेला इतका सुरेख घाऊक बाजार असताना तारण म्हणून ती सोन्याहून पिवळी!

आणि चौथी गोष्ट जमाखर्चाची. आपल्या खात्यावर जमा असलेले मैल कंपनीच्या ताळेबंदात देणी म्हणून दिसतात. यात वावगं काही नाही. तुमची बँकेतली ठेवही बँकेच्या बाजूने देणंच असते. पण बँकेत तुमच्या आजोबांच्या खात्याकडे दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि वारस कागदपत्रं घेऊन आला तर त्याला परत मिळते. मैलांचं तसं नाही. बऱ्याच योजनांच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं असतं की मैल ही तुमची मालमत्ता नव्हे. तुम्ही ते वापरायला विसरलात की ते कंपनीचं उत्पन्न. किती लोक विसरतील याचा अंदाज बांधून तेही आधीच हिशेबात धरतात. त्याला 'ब्रेकेज' असं नाव आहे. आमच्या घरी हा शब्द फुटलेल्या कपबशांना वापरतात.

एवढं पाहिल्यावर कुलकर्ण्यांच्या बेइमानीची मला भीती उरली नाही. समोरचा दर पानावर हिशेब मांडून बसलेला असताना आपण डोळे मिटून भजन म्हणत बसावं, ही निष्ठा नव्हे. हिशेबाला हिशेबानेच उत्तर द्यावं. लुफ्तान्साच्या विमानात बसून मैल तिसऱ्याच्या वहीत टाकले तर त्यात पाप नाही. त्यांनीच ठरवलेल्या नियमांत बसणारा तो व्यवहार आहे.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण एक नोंद वहीत राहून गेली होती, आणि ती कुठल्या रकान्यात घालावी हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

मेहुणा दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सांगलीला आला होता. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रजा होती नऊ दिवसांची. त्या वेळी तिकडून मुंबईला थेट विमान होतं. पण वर्ष संपत आलं होतं आणि त्याच्या सोनेरी कार्डाला दोन उड्डाणं कमी पडत होती. त्याच्या योजनेत उड्डाणांची संख्याही मोजतात. म्हणून तो न्यूअर्कहून आधी शिकागोला गेला, तिथून फ्रँकफुर्टला आणि तिथून मुंबईला. पूर्वेला यायला निघालेला माणूस आधी पश्चिमेला गेला. फ्रँकफुर्टला पुढचं विमान चुकलं. सोनेरी कार्ड असल्यामुळे लाउंजमध्ये उत्तम खुर्ची मिळाली, हे त्याने तिथून कळवलं.

सासूबाईंनी कालनिर्णयवर त्याच्या येण्याच्या तारखेला गोल केला होता. त्या दिवशी त्यांनी सांज्याच्या पोळ्या केल्या. तो आला दुसऱ्या दिवशी रात्री. आल्यावर त्याने शिकागोची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "अरे, पुण्याहून सांगलीला यायचं तर कुणी आधी नाशिकला जातं का?" आम्ही सगळे हसलो. तोही हसला. मग त्यांनी ताज्या पोळ्या करून वाढल्या. आदल्या दिवशीच्या पोळ्या त्यांनी दुपारीच स्वतः खाऊन टाकल्या होत्या, कारण लेकाला शिळं वाढायचं नव्हतं. एका डोळ्याने नीट दिसत नसताना केलेल्या पोळ्या, दोनदा. त्याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही, आणि त्यांना मुदतही नव्हती.

मेहुण्याला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. तो गुणी मुलगा आहे आणि आईवर त्याचा जीव आहे. मी त्याला नंतर एकदा विचारलं, "काय रे, त्या कार्डात एवढं काय आहे?" तो जरा वेळ थांबून म्हणाला, "दाजी, वीस वर्षं तिकडे आहे. दर आठवड्याला एकटा फिरतो. त्या दारात गेलं की बाई नाव घेऊन म्हणते, वेलकम बॅक. बाकी कुणी म्हणत नाही."

हे ऐकल्यावर मात्र माझी पेन्सिल थांबली. मैल, काठ, सूप, खुर्ची, सगळं खरं. पण विकलं जातं ते काही वेगळंच. विकली जाते ओळख. आमच्या बँकेत पासबुक छापायचं यंत्र दारातच बसवलं आहे. तरी काही म्हातारी माणसं रांग लावून माझ्या खिडकीशी येतात. मी फक्त विचारतो, "गुडघा काय म्हणतो?" तेवढ्यासाठी ती येतात. निष्ठेचं मूळ मला वाटतं इथे आहे. कुणीतरी आपल्याला ओळखतं, म्हणून आपण पुन्हा तिथे जातो. विमानकंपनीनेही तेच हेरलं आणि ओळखीचं खातं उघडून दिलं. ती ओळख अगदीच खोटी असं मी म्हणणार नाही. एकट्या माणसाला गरम सूप गरमच लागतं. फक्त तिला मुदत असते. पुण्य सरलं की स्वर्गातून खाली धाडतात असं गीतेतही सांगितलं आहे, पण तिथे निदान कुठली तारीख दिलेली नाही. सोनेरी कार्डाच्या कोपऱ्यात ती छापलेली असते.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा. हिशेब असेल तिथे त्याला निष्ठा म्हणू नये, आणि निष्ठा असेल तिथे हिशेब घालू नये. गोंधळ होतो तो एकीचे नियम दुसरीला लावल्यामुळे. कुलकर्णी विमानकंपनीला न्हाव्याचा नियम लावतात, आणि मेहुण्याने सांगलीच्या वाटेला विमानकंपनीचा लावला. कुलकर्ण्यांचे फार तर मैल जातील. दुसऱ्या प्रकारात दिवस जातो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या कालनिर्णयवर गोल करण्यासारखे दिवस मोजकेच असतात.

आता तुमच्यासमोर तो रकाना आला तर काय करावं, हेही सांगतो. वर्षाला वीस विमानं घेणारे असाल तर सोनेरी कार्ड कुठे लवकर मिळतं आणि ते आपल्या नेहमीच्या वाटेवर चालतं का, ते बघा. माझ्यासारखे चार-पाच वर्षांतून एकदा उडणारे असाल तर रंगांच्या नादी लागू नका. आपल्या स्वस्त तिकिटावर किती मैल देतात आणि ते किती दिवस टिकतात, एवढंच विचारा. मी तिघांसाठीही मैल शिळे न होणारी योजना निवडली. त्यात देशाभिमान नाही, ग्रीसवर प्रेम नाही आणि अमेरिकेवर तर मुळीच नाही.

सासूबाईंना मी हे सगळं समजावून सांगितलं. कर्ज, तारण, कोर्ट, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझाही नंबर घातलास ना? हक्काचं कशाला सोडायचं?"

मला वाटतं, विमानकंपनीशी वागायची खरी रीत हीच. आपलं जे निघतं ते मागून घ्यावं, घेताना लाजू नये, आणि घेतल्यावर त्याचे उपकार मानू नयेत. आणि पोळ्या कुणी दोनदा केल्या, हे मात्र कुठेही न लिहिता लक्षात ठेवावं.